एकादशीचा आकडा

“हात पुढे कर,” ऋजुता म्हणाली.

माझे दोन्ही हात कणकेनं भरले होते. परातीत अजून शंभरेक गोळे बाकी होते आणि तव्यापाशी उभी असलेली हेमा पुढच्या पोळीची वाट बघत होती.

“थांब जरा, हात धुऊन येते.”

“नको. हा पाण्यात, पिठात, कशातही चालतो.” असं म्हणून तिनं माझा डावा हात ओढला, बांगड्या पंजाकडे सरकवल्या आणि त्यांच्या मागे एक काळा रबरी पट्टा बांधला. पट्ट्यावर बोटाच्या पेराएवढी काच होती. तिनं त्यावर बोट टेकवलं तसं आत एक शून्य उगवलं.

“हे काय आणि?”

“फिटनेस बँड. तू दिवसात किती पावलं चालतेस ते मोजतो. माझा जुना आहे. पुढच्या रविवारपर्यंत हातातून काढायचा नाही. तुझ्या फोनला जोडून ठेवलाय, आकडा मला पुण्यात दिसेल. रोज दहा हजार झाली तर तुला नवाकोरा घेऊन देईन आणि टोणपेकाकांकडे तुझं नावही मीच देईन. नाही झाली, तर ना बँड ना गिरनार.”

माझी मुलगी बोलायला लागली की समोरच्याला सही करण्यापुरतंच काम उरतं. मी सही केली, म्हणजे “बरं” म्हटलं आणि पुढचा गोळा पोळपाटावर घेतला.

कराडच्या सोमवार पेठेत माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं, हेमाचं, पोळी-भाजी केंद्र होतं. मी लाटायची, ती भाजायची. रोज साडेतीनशे पोळ्या. एकोणीस वर्षांत आमची ही वाटणी कधी बदलली नाही. आमचं निम्मं गिऱ्हाईक उपासतापास करणारं, त्यामुळे एकादशीला पोळीला कुणी विचारत नसे. महिन्यातल्या दोन एकादश्या याच आमच्या सुट्ट्या. बाकी दसरा असो की दिवाळी, सकाळी आठ ते बारा आम्ही दोघी त्या ओट्यापाशी.

आता गिरनारचं सांगते, कारण सगळा जीव तिथेच अडकला होता. तेव्हा अजून तिथे रोपवे झाला नव्हता. दहा हजार पायऱ्या चढायच्या आणि शिखरावर दत्ताच्या पादुकांचं दर्शन घ्यायचं. तीन वर्षांपूर्वी टोणपेकाकांच्या दत्तमंडळाबरोबर आम्ही दोघी गेलो होतो. पायऱ्यांवर आकडे रंगवलेले असतात. एकवीसशेच्या आकड्यापाशी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले. ऋजुताला फोन लावला तर मला धड बोलताही येईना. ती इतकी घाबरली की तिकडे तिनं रडायलाच सुरुवात केली. मग मी बसत बसत खाली उतरले, धर्मशाळेत पडून राहिले. हेमा मात्र पुढे गेली, आणि संध्याकाळी प्रसाद घेऊन परत आली.

त्यानंतर तीन वर्षं मी ते दर्शन ऐकत होते. नवं गिऱ्हाईक आलं आणि भिंतीवरच्या दत्ताच्या फोटोकडे त्याचं लक्ष गेलं की हेमा उलथनं हातात धरून सुरू करायची. वर किती शांत वाटतं, वारा कसा असतो, पादुकांवर डोकं टेकलं की आपण आपले राहत नाही. सांगायची छान. गिऱ्हाईक भारावून दोन पोळ्या जास्त न्यायचं. मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारायचं, “आणि मावशी, तुम्ही?” मी म्हणायची, “मी खालूनच नमस्कार केला.” सगळे हसायचे, मीही हसायची. पण खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं. देवापेक्षाही त्या जावेच्या बरोबरीनं एकदा वर उभं राहायचं माझ्या मनात होतं.

आणि आता जानेवारीतल्या पौर्णिमेला मंडळ पुन्हा निघणार होतं. गाडीचं रिझर्वेशन करायचं म्हणून टोणपेकाकांना रविवारपर्यंत नावं हवी होती.

“मी दिवसभर उभीच असते, माझं चालणं भरपूर होतं,” असं मी ऋजुताला महिनाभर सांगत होते. त्यावर तिचं उत्तर म्हणजे तो पट्टा.

ती दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली. रात्रीच्या जेवणाला आमचे हे, म्हणजे ऋजुताचे बाबा, माझ्या मनगटाकडे बघत बसले. पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, त्यामुळे बघायला वेळ भरपूर.

“केवढ्याला येतो हा?”

“तीन हजारांच्या आसपास म्हणाली.”

“तीन हजारांत चांगल्या चपलांचे चार जोड येतील. चालायला चपला लागतात. मोजायला काय, मीही मोजेन.”

“तुम्हांला माझ्या मागनं चालावं लागेल.”

“ते तर तीस वर्षं चाललोच आहे,” ते म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

सोमवारी दुपारी केंद्र बंद करून मी काचेवर बोट टेकवलं. नऊ हजार दोनशे! माझा विश्वास बसेना. संध्याकाळी मंडईत जाऊन आले तर आकडा अकरा हजार चारशेवर गेला. लगेच ऋजुताचा फोन.

“आई, अगं काय हे! मला वाटलं होतं चार हजारांवर अडकशील.”

“मी सांगत नव्हते?”

“हरले बाई. असंच चालू दे.”

मंगळवारी अकरा हजार आठशे. बुधवारी एका बारशाची जादा ऑर्डर होती, तर आकडा थेट चौदा हजारांवर. मी आता पेठेत मान वर करून चालू लागले. समोरच्या गोखलेबाईंना मनगट दाखवून झालं, दूधवाल्याला दाखवून झालं. हेमालाही मी दिवसातून चारदा आकडा वाचून दाखवायची.

“वहिनी, यंदा तुम्ही माझ्याही पुढे जाणार,” ती म्हणाली. म्हणताना तिनं तव्यावरची पोळी जरा करपू दिली, पण मी त्या वेळी माझ्याच आनंदात होते.

बुधवारी संध्याकाळी ह्यांनी विचारलं, “मग? घ्यायचाच का पट्टा?”

“घ्यायचाच,” मी म्हणाले. “मला सवय झालीय त्याची.”

“चार दिवसांत?”

“तुमची तरी चार दिवसांतच झाली होती.”

गुरुवारी एकादशी होती. केंद्र बंद. म्हटलं, आज सुट्टी, आज आपण विक्रम करायचा. साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि चप्पल घालून बाहेर पडले. प्रीतिसंगमापर्यंत चालत गेले, तिथल्या बागेला चार फेऱ्या मारल्या. येताना मुद्दाम लांबचा रस्ता धरला. संध्याकाळी देवळात गेले, तेही वळसा घालून. घरी आले तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि उजव्या टाचेला फोड आला होता. पलंगावर बसले आणि मोठ्या ऐटीत काचेवर बोट टेकवलं.

सहा हजार तीनशे.

मी पट्टा काढून झटकला, पुन्हा बांधला. सहा हजार तीनशे अकरा. अकरा पावलं तर झटकण्याचीच झाली असावीत, असं आज वाटतं. तेव्हा मात्र मी ह्यांना म्हणाले, “बिघडला हो हा.”

“कशावरून?”

“एवढं चालले, आणि आकडा निम्माच.”

“मग रोज काय करतेस, की ज्यानं दुप्पट होतो?”

त्यांनी सहज विचारलं आणि वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांपुढे धरलं. मला मात्र त्या प्रश्नानं नीट झोप लागली नाही.

शुक्रवारी सकाळी ओट्यापाशी उभी राहिले. गोळा घेण्याआधी काच बघितली. दोनशे चौदा. एक पोळी लाटली. मध्ये एकही पाऊल उचललं नाही, दोन्ही पाय फरशीला घट्ट धरून ठेवले. पोळी हेमाकडे टाकली आणि काच बघितली. दोनशे एकोणचाळीस.

दुसरी लाटली. दोनशे त्रेसष्ट.

“वहिनी, काय झालं? तवा तापून धूर यायला लागला.”

माझ्या डोक्यात हिशेब झाला होता. हात मागे-पुढे झाला की तो शहाणा पट्टा म्हणायचा, बाई चालली. एका पोळीला चोवीस-पंचवीस पावलं, आणि पोळ्या साडेतीनशे. तीन दिवस मी लाटणं घेऊन ओट्यापाशी उभी होते आणि ऋजुता पुण्यात आनंदानं नाचत होती. त्या पट्ट्याला तरी काय बोलणार, त्यानं बापड्यानं पोळपाट कधी बघितला असणार!

तेवढ्यात फोन वाजला. ऋजुताच.

“आई, काल कमी झाली, पण उपास होता म्हणून एक दिवस माफ. नवा बँड आज ऑर्डर करतेय. पट्टा जांभळा हवा की काळा?”

“अगं, हातात काम आहे. दुपारी बोलू?”

“बरं. टोणपेकाकांनाही सांगून टाकते तुझं नाव. मी उगाच घाबरत होते गं.”

फोन ठेवला आणि मी तशीच उभी राहिले. गप्प बसले असते तर सगळं मिळत होतं. नवा पट्टा, गाडीचं तिकीट, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे मुलीची परवानगी. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण माझे पाय काल संध्याकाळी काय म्हणत होते ते मलाच ठाऊक होतं. एकवीसशेव्या पायरीवर पोळपाट घेऊन कोण येणार होतं? आणि त्या वेळचा फोनवरचा ऋजुताचा आवाज काही केल्या माझ्या कानांतून जाईना.

“हेमा, गॅस बारीक कर,” मी म्हणाले. “एक सांगायचंय.”

मी तिला सगळं सांगितलं. एक पोळी लाटून आकडा वाढतो तेही दाखवलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

“मग ऋजूला सांगणार?”

“सांगावंच लागेल. माझं नाव नको म्हणते. तू जा. तुला वाट ठाऊक आहे.”

हेमानं तव्यावरची पोळी काढली, डब्यात ठेवली, तिला तूप लावलं. मग पुन्हा तिलाच तूप लावलं.

“वहिनी, वाट मला गोरक्षनाथांपर्यंतच ठाऊक आहे.”

मला आधी कळलंच नाही. गोरक्षनाथांचं शिखर दत्ताच्या शिखराच्या अलीकडे लागतं. तिथून पायऱ्या बऱ्याच खाली उतरतात आणि मग समोरचा सुळका चढतात, हे मी तिच्याकडूनच ऐकलेलं.

“म्हणजे?”

“तिथं उभं राहिलं ना, की समोर दिसतं. त्या पायऱ्या खाली जातात आणि परत वर, अशा उभ्या. मी बघितल्या आणि माझा धीरच सुटला. तिथंच बसले. मंडळातलं कुणी पुढं, कुणी मागं, कोण कुठं आहे कुणाला पत्ता नव्हता. कागलकर मामी वरून उतरल्या, त्यांनी प्रसाद दिला आणि पुढं कुणाला काही सांगितलं नाही. तो घेऊन खाली आले.”

“आणि ते वारा, शांतता, पादुका…”

“वारा होता,” ती म्हणाली. “गोरक्षनाथांपाशी पण वारा असतो.”

“हेमा, तीन वर्षं!”

“तुम्ही धर्मशाळेत पडून होतात. मी आत आले तर तुम्हीच म्हणालात, बरं झालं, आपल्या घरातलं एक तरी माणूस वर जाऊन आलं. मग कसं सांगू? म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीत सगळ्यांना सांगितलंत. नंतर ते माझ्या हातात राहिलं नाही.” तिचे डोळे भरले. “दर वेळी सांगताना वाटायचं, दत्तगुरू ऐकताहेत.”

मला राग यायला हवा होता. तीन वर्षं मी या बाईपुढे मान खाली घालून लाटत होते. पण माझ्याच मनगटावर साडेतीनशे पोळ्यांची पावलं बांधलेली होती, तर कुठल्या तोंडानं रागवू? मला आधी हसूच फुटलं. मग तीही रडता रडता हसायला लागली. बाहेर डबा घ्यायला आलेले बँकेतले शिपाई आत डोकावून बघायला लागले, तर आम्ही दोघी पदरानं डोळे पुसत उभ्या.

“काय झालं मावशी?”

“काही नाही हो, कांदा,” हेमा म्हणाली. त्या दिवशी भाजी दुधीची होती.

दुपारी मी ऋजुताला फोन लावला. हेमा शेजारीच बसली होती. पोळ्यांचा सगळा प्रकार सांगितला.

“आई, म्हणजे तू सोमवारपासून पोळपाटावर चालतेयस?”

“तसंच म्हण.”

“आणि तू हे मला सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं.”

“हो.”

तिचा आवाज एकदम मऊ झाला. “बरं झालं सांगितलंस. पण मग नाव देता येणार नाही, आई. मला परत तसा फोन नकोय.”

हेमानं माझ्या हातातून फोन घेतला. “ऋजू, मी काकू बोलतेय. मीसुद्धा वर गेले नव्हते बरं का.” आणि एका दमात तिनं सगळं ओकून टाकलं. मग म्हणाली, “आता ऐक. पौर्णिमेला तीन महिने आहेत. आम्ही दोघी रोज पहाटे चालू, केंद्र उघडायच्या आधी. जानेवारीत तू इकडं ये आणि आम्हांला आपल्या गावाजवळच्या सदाशिवगडावर ने. त्याच्या पायऱ्या आम्ही लागोपाठ दोनदा चढलो तर तिकिटं ठेव. नाही जमलं तर रद्द कर. पण नावं आत्ता दे.”

माझी जाऊ भल्याभल्यांना बोलून गुंडाळते, हे तीन वर्षं सिद्ध झालंच होतं. ऋजुतालाही तिनं गुंडाळलं.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “पण सदाशिवगडावर मी मागे असणार. आणि आई, बँड? पायात बांधलास तर बरोबर मोजेल. घेऊ का?”

मी हेमाकडे बघितलं. तिनं नको म्हणून हात हलवला.

“नको गं,” मी म्हणाले. “आम्हांला एकमेकींचा पहारा पुरे आहे. दोघीही आता कशाला फसायच्या नाहीत.”

जुना पट्टा मी धुऊन, पुसून रविवारी परत केला. ह्यांनी मात्र त्याच आठवड्यात चपलांचे दोन जोड आणले, एक मला, एक हेमाला.

ते तीन महिने सोपे नव्हते. पहिल्या पंधरवड्यात हेमा रोज एक नवं दुखणं घेऊन यायची आणि मी रोज तिच्या दारात उभी राहायची. नंतर माझा गुडघा धरला तर ती माझ्या दारात. सदाशिवगड आम्ही दोनदा चढलो. दुसऱ्या वेळी ऋजुताच मध्ये बसली, पण ती गोष्ट तिला आवडत नाही.

जानेवारीत आम्ही गिरनार चढलो. एकवीसशेचा आकडा आला तेव्हा मी थांबले नाही, पाण्याचा घोटसुद्धा पुढे जाऊन घेतला. गोरक्षनाथांपाशी मात्र हेमा थांबली. समोर सुळका, त्याच्या टोकाला ते छोटंसं देऊळ, आणि मध्ये खाली जाऊन वर चढणारी पायऱ्यांची वाट.

“वहिनी, तुम्ही जा पुढं. मी इथं बसते.”

इतकी वर्षं मला जे हवं होतं ते अगदी हातात आलं होतं. ती इथे बसणार आणि मी वर जाणार. मी तिच्या शेजारी बसले.

“हेमा,” मी म्हणाले, “मी लाटून पोळी टाकायची आणि तू भाजायची नाहीस, असं कधी झालंय का?”

ती उठली. खाली उतरताना तिनं माझा दंड धरला होता, वर चढताना मी तिचा. किती वेळ लागला ते माहीत नाही.

देवळात रांग होती आणि तिथले गुरुजी कुणाला उभं राहू देत नव्हते. “चलो, आगे बढो.” पादुकांपुढे आम्ही डोकं टेकलं आणि दहाव्या सेकंदाला बाहेर. बाहेर कठड्याशी येताच हेमानं माझा हात धरला.

“कसं होतं हो आत?” तिनं विचारलं.

“म्हणजे? तू माझ्या शेजारीच होतीस.”

“मी डोळे मिटले होते. भीती वाटली. मी सांगत होते तसं नसलं तर?”

मी तिच्या मनगटाला धरलं आणि तिला पुन्हा रांगेत उभं केलं. गुरुजींनी आम्हांला लगेच ओळखलं. “माताजी, अभी तो दर्शन हुआ आपका.”

“इनका आँख बंद था,” मी माझ्या कराडी हिंदीत सांगितलं.

ते हसले. हातानं मागच्या माणसाला थांबवलं आणि आमच्याकडे न बघता दिव्यात तेल घालत बसले. हेमानं डोळे उघडे ठेवून पादुका बघितल्या, त्यावरची फुलं बघितली, मूर्ती बघितली, भिंतीसुद्धा बघितल्या. शेवटी तीच मला म्हणाली, चला.

दोनशेक पायऱ्या उतरलो. मग एका वळणावर ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि मागे वळून वर बघितलं.

“वहिनी, मी सांगत होते त्याहून जागा पुष्कळच लहान आहे हो.”

“हो,” मी म्हणाले.

“पण खरी आहे,” ती म्हणाली, आणि पुढची पायरी उतरायला तिनं माझ्यासाठी हात पुढे केला.